वजा पावणेदोन सेकंद

नीलकंठ मारोती उमाठे यांनी चौतीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून काढली आणि या चौतीस वर्षांत एकदाही खोटा लाइन क्लिअर दिला नाही. गाड्या उशिरा पुष्कळ सुटल्या. पण उशीर हा त्यांच्या लेखी अपराध नव्हता, तो रेल्वेचा स्वभाव होता. अपराध एकच होता: पुढचा रूळ मोकळा आहे की नाही हे न पाहता तो मोकळा आहे असं सांगणं.

माणसाच्या नुसत्या शब्दावर विसंबावं लागू नये म्हणून रेल्वेने एक सोय करून ठेवली आहे. पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर केवळ 'रूळ मोकळा' म्हणत नाही; सोबत एक आकडा देतो. आकडा त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला असतो, दिला की तिथेच खोडला जातो, आणि घेणारा तो आपल्या रजिस्टरात चढवतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. शब्द हवेत विरतो, आकडा दोन्ही टोकांना शाईत राहतो. मानवी सहजीवनात याहून मोठा शोध लागला असल्याचं उमाठे यांच्या ऐकिवात नव्हतं, आणि तो रेल्वेपुरताच का ठेवला गेला हे त्यांना कधी उमगलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी तो घरी आणला. रायपुरच्या तात्यापारा वस्तीतल्या घरातून बाहेर पडताना ते दारात उभे राहून विचारत, गॅस बंद आहे काय. आतून पत्नी इंदूबाई सांगत, बंद आहे, सत्तेचाळीस. उमाठे खिशातल्या डायरीत सत्तेचाळीस लिहीत आणि मगच जिना उतरत. इंदूबाईंनी हा कारभार सहा वर्षं कुरकुर न करता चालवला होता, आणि त्याचं श्रेय उमाठे आपल्या शिस्तीला देत असत.

अशा माणसाला सहासष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी लागली ती त्याच्या या खोडीमुळेच. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या वाट्या मोजून देणारे आणि मोजून परत घेणारे उमाठे कौमुदी सुभेदार यांच्या नजरेस पडले. कौमुदी मॅडम बुढापारा या जुन्या वस्तीतल्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या अमलात रायपुरात आले. उमाठे यांचे वडील रेल्वेच्या नोकरीने विदर्भातून आले, त्याला आता सत्तर वर्षं झाली. सुभेदारांच्या घरच्या हिशेबाने सत्तर वर्षं म्हणजे पाहुणा अजून हातपाय धुतो आहे एवढाच काळ. तरी कौमुदी मॅडमना हा पाहुणा आवडला. नवा रायपुरातल्या एका शाळेत त्या भौतिकशास्त्र शिकवत आणि परीक्षांची व्यवस्थाही पाहत. त्यांना असा एक माणूस हवा होता ज्याचा कोणावरही विश्वास नाही.

त्या शाळेत परदेशी मंडळाचा अभ्यासक्रम चालतो, आणि तिथल्या परीक्षेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर वापरण्याची मुभा आहे. हे यंत्र मोबाइलपेक्षा जाड आणि दिसायला ओबडधोबड, पण त्याला स्मरणशक्ती असते. मुलं त्यात स्वतःचे प्रोग्राम लिहितात. समीकरणातले आकडे भरले की उत्तर हजर. काही जण त्यात सूत्रं दडवतात, काही जण तासाला खेळण्यासाठी सापाचा खेळ ठेवतात, आणि एखाद-दुसरा असा असतो की ज्याला प्रोग्राम लिहिण्यातच रस असतो. परीक्षेत मात्र सर्वांनी रित्या हातांनी यावं असा मंडळाचा आग्रह. म्हणून नियम असा की पेपरआधी प्रत्येक यंत्राची मेमरी पुसायची, आणि ती पुसली असल्याचं एका जबाबदार व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यायचं.

ती जबाबदार व्यक्ती म्हणजे उमाठे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात छापील तक्ता करवून घेतला. पेपरआधी मुलं रांगेत बसत, उमाठे क्रमाने कळा सांगत, मुलं त्या दाबत, आणि पडद्यावर मेमरी पुसल्याचे शब्द उमटत. उमाठे चष्मा कपाळावरून नाकावर आणून ते शब्द वाचत आणि विद्यार्थ्याला एका चिठ्ठीवर आकडा देत. विद्यार्थी तो मोठ्याने वाची, उमाठे तक्त्यावर खोडत. मुलांनी त्यांचं नाव लाइन क्लिअर अंकल ठेवलं. उमाठे यांना तो गौरव वाटला, आणि ती थट्टा आहे हे त्यांच्या लक्षात आणून देण्याइतकं निष्ठुर त्या शाळेत कोणी नव्हतं.

एका गोष्टीत मात्र त्यांनी रेल्वेची रीत मोडली होती. गाडीला पुढचा रूळ मोकळा करून देणाऱ्या ब्लॉक यंत्राची किल्ली मास्तर कधी दुसऱ्याच्या हातात देत नाही. इथे कळा मुलं दाबत होती. कारण साधं होतं: कळा बारीक, उमाठे यांची बोटं जाड, आणि पोरांसमोर चुकीची कळ दाबून हसं करून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. तत्त्वनिष्ठ माणसाचं तत्त्व बहुधा अशाच एखाद्या किरकोळ लाजेपाशी जरा वाकतं.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. भौतिकशास्त्राच्या पेपरला एकतीस मुलं, एकतीस यंत्रं, एकतीस आकडे. उमाठे यांनी प्रमाणपत्रावर सही केली.

चार दिवसांनी कौमुदी मॅडम तपासलेले पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या त्या कपाळाला हात लावूनच. प्रश्न सोपा होता. जमिनीवरून पस्तीस अंशांच्या कोनात, सेकंदाला वीस मीटर वेगाने चेंडू मारला, तर तो किती वेळाने खाली पडेल? उत्तर दोन पूर्णांक चौतीस शतांश सेकंद. चोवीस मुलांचं यंत्र म्हणालं होतं, वजा पावणेदोन सेकंद; म्हणजे चेंडू मारण्याच्या पावणेदोन सेकंद आधीच तो जमिनीवर पडलेला होता. पंधरा मुलांनी हे निमूटपणे उतरवलं होतं. उरलेल्या नवांना काहीतरी खटकलं असावं, कारण त्यांनी वजाचं चिन्ह गाळून बाकीचं तसंच ठेवलं होतं.

उमाठे यांनी घाबरून विचारलं की यंत्रं बिघडली काय. मॅडमनी समजावलं की बिघडली नाहीत. मेमरी पुसली की यंत्राच्या सगळ्या सवयीही पुसल्या जातात, आणि ते कोन अंशांऐवजी रेडियन नावाच्या दुसऱ्या मापात मोजू लागतं. शहाण्या मुलाने पुसल्यावर लगेच ते अंशांवर आणून ठेवायचं असतं. तसं सात जणांनी केलं होतं. मॅडमनी त्या सातांना वर्गात उभं करून त्यांच्या सावधपणाचं कौतुक केलं होतं. चिराग तर मान झुकवून उभा राहिला होता, असं त्या म्हणाल्या.

चिरागचं नाव ऐकून उमाठे थबकले. हा मुलगा पेन शेजाऱ्याचं आणि पट्टी मागच्या बाकावरची घेऊन परीक्षा देतो. हा आणि सावध?

शाळेच्या बसमध्ये परतताना, नवा रायपुरच्या त्या रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर, त्यांनी हा गुंता सोडवला. पुसलेलं यंत्र अंश विसरतं. सातांची यंत्रं अंश विसरली नव्हती. म्हणून सातांची यंत्रं पुसलेली नव्हती. तर्क निर्दोष होता, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष विलक्षण होता: ज्या चोवीस जणांनी नियम पाळला त्यांचा चेंडू उलट्या काळात पडला, आणि ज्यांनी फसवलं त्यांची पाठ थोपटली गेली. समाजात असं अनेकदा होतं, पण ते इतक्या नेमक्या दशांशांत क्वचितच सिद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या समोर ती सात यंत्रं उघडली. सातही प्रोग्रामांनी गच्च भरलेली. उमाठे यांनी तिथेच सात नावं लिहून दिली. मॅडम म्हणाल्या की यादी शनिवारी प्राचार्यांकडे जाईल, आणि यादीत ज्यांचं नाव असेल त्यांचे विद्यापीठांना कळवायचे अपेक्षित गुण रोखले जातील.

सहा जणांनी अर्ध्या तासात कबुली दिली. चिरागने तर प्रात्यक्षिकच करून दाखवलं. त्याने एक प्रोग्राम बनवून बाकी पाचांनाही दिला होता, ज्याचं काम एकच: मेमरी पुसल्यावर पडद्यावर जे शब्द येतात ते हुबेहूब दाखवणं. अंकल कळा सांगत, मुलं भलत्याच कळा दाबत, पडद्यावर खरे वाटणारे शब्द येत, आणि अंकल आकडा देत. उमाठे हे ऐकत उभे राहिले. चौतीस वर्षांत न घडलेली गोष्ट एका सकाळी सहा वेळा घडली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी चष्मा नाकावर आणून ती नीट वाचली होती.

सातवी अनुश्री. तिचे वडील रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला, घरी मराठी; पण मुलगी इतर मुलांसारखी मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. ती कबूल होईना. म्हणाली की तिने खरोखर पुसलं होतं. पुसण्याआधी आपले सगळे प्रोग्राम वहीत हाताने उतरवून घेतले होते, आणि पेपर संपल्यावर घरी बसून परत यंत्रात भरले. तिने वही पुढे केली. पानंच्या पानं भरलेली होती. उमाठे म्हणाले की वही काय, केव्हाही लिहिता येते.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "अंकल, आपने ही तो नंबर दिया था. छब्बीस. मैंने पढ़कर भी सुनाया था."

उमाठे यांनी तक्ता पाहिला. सव्वीस खोडलेला होता. त्याच्या वर पंचवीस खोडलेला होता, तो चिरागचा. खोडण्याच्या दोन्ही रेघांमध्ये तिळमात्र फरक नव्हता.

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत म्हणण्यापेक्षा जेवल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही म्हणणं योग्य. इंदूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आकडा दिला होता, आकडा घेतला होता, तरी गाडी रुळावर उभीच होती, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. इंदूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना वाटलं असावं की आता सांगायला हरकत नाही.

"अहो, आकड्याचं काय घेऊन बसले? तुमी गॅसचं विचारता तेव्हा मी का उठून पाह्यला जात होती? तोंडात येईल तो आकडा देत होती. तुमचं समाधान झालं पायजे एवढंच."

"सहा वर्षं?"

"हव. कधी माझं वय सांगत होती, कधी जावेचं."

उमाठे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि गॅस पाहून आले. तो बंद होता. बहुधा सहा वर्षं तो बंदच असावा. आणि याला त्यांचा तक्ता नव्हे तर इंदूबाईंचा हात कारण होता. पलीकडच्या स्टेशनवर आपल्यासारख्याच शपथेने बांधलेला मास्तर बसला असेल तरच आकड्याला अर्थ असतो. सोळा वर्षांच्या पोरांनी कसलीही शपथ घेतलेली नव्हती, आणि इंदूबाईंनी घेतलेली शपथ निराळी होती.

मग ती पोरगी? आकडा तिला दोषी ठरवत नव्हता, निर्दोषही ठरवत नव्हता. दोषी ठरवलं होतं ते उमाठे यांच्या तर्काने, आणि त्या तर्कात, आता शांतपणे पाहता, एक भोक होतं. पुसलेलं यंत्र अंश विसरतं हे खरं. पण विसरलेल्याला कोणी आठवण करून दिली तर? मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चिरागला सावध मानणं त्यांना इतकं अशक्य वाटलं की खरोखर कोणी सावध असू शकेल हे ते विसरले. संशयी माणसाची हीच अडचण असते: त्याला लबाडी लवकर दिसते, आणि दिसली की तो तिथेच थांबतो.

शुक्रवारी ते पहिल्या बसने शाळेत गेले आणि मॅडमना म्हणाले की सातही जणांचे पेपर पाहायचे आहेत. मॅडमनी विचारलं, आता पेपरात काय उरलं? उमाठे म्हणाले की रेल्वेत गाडी घसरली तर जाणते अधिकारी रजिस्टर नंतर उघडतात. आधी खाली वाकून रुळावरचे ओरखडे बघतात.

सहा पेपरांत ओरखडा नव्हता. सूत्र, आकडे आणि सरळ दोन पूर्णांक चौतीस. सातव्यात, अनुश्रीच्या पेपरात, त्याच जागी आधी वजा एक पूर्णांक पंचाहत्तर लिहिलेलं होतं. त्यावर दोन आडव्या रेघा. शेजारी समासात बारीक अक्षरांत एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे इंग्रजीत लिहिलेलं, 'वेळ वजा कशी?' त्याखाली नव्याने मांडलेलं गणित आणि बरोबर उत्तर.

उमाठे यांनी बोट ठेवलं. यंत्र पुसलेलं नसतं तर त्याने हे चुकीचं उत्तर दिलंच नसतं. मुलीने चूक केली होती, चूक पाहिली होती, आणि खोडली होती. तिच्या खरेपणाचा सबंध पुरावा त्या खोडण्यात होता.

कौमुदी मॅडमनी तो कागद जवळ ओढला. त्या खोडलेल्या ओळीला अगदी लागून त्यांच्याच लाल शाईत 'वजा अर्धा, अस्वच्छ काम' असा शेरा होता. म्हणजे आपण याच जागी पेन टेकवलं होतं आणि तरी काही दिसलं नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

उमाठे यांनी त्याच दुपारी प्राचार्यांना पत्र दिलं. अनुश्रीचं नाव वगळावं. आपण सही केलेलं प्रमाणपत्र खोटं आहे: एकतीस नव्हे, पंचवीसच यंत्रं पुसली गेली होती. कळा आपण स्वतः दाबायला हव्या होत्या. बोटं जाड आहेत ही सबब होऊ शकत नाही. शेवटी योग्य ती कारवाई करण्याची विनंती होती.

प्राचार्यांनी अनुश्रीचं नाव खोडलं, सहा जणांना पालकांसह बोलावणं धाडलं, आणि उमाठे यांना चहा दिला. चूक सगळ्यांकडून होते, असं ते म्हणाले. हे उमाठे यांच्या मनाला लागलं. रेल्वेत याला आरोपपत्र मिळालं असतं, खुलासा मागितला गेला असता, वेतनवाढ थांबली असती. माणसाला आपली चूक गंभीरपणे घेतली गेल्याचं समाधान असतं. इथे बिस्किट मिळालं. रायपुरात त्या दिवशी शिक्षेसाठी अर्ज करून निराश झालेला हा एकमेव माणूस असावा.

तेव्हा ते अनुश्रीकडे गेले. ती वाचनालयात होती. उमाठे उभे राहूनच बोलले.

"पोरी, चूक माझी होती. मी नीट पाह्यलं नाई अन् तुझं नाव लिहून देलं. साहेबानं मले काई शिक्षा केली नाई. आता तूच सांग, काय करू."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.  ती म्हणाली, "मेरा आधा नंबर वापस दिलवा दीजिए."

उमाठे यांना एवढंच हवं होतं: एक नेमकं काम. ते कौमुदी मॅडमकडे गेले. मॅडमनी सांगितलं की खाडाखोडीला अर्धा गुण कापायचा हा त्यांचा बारा वर्षांचा नियम आहे; आणि काका, नियमाचं महत्त्व तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?

"मॅडम, नियम चांगलाच आहे. पण त्या खोडण्यानंच पोरगी वाचली. ज्यानं वाचवलं त्यालेच दंड काहून?"

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. मुलांनी चुका लपवाव्यात म्हणून हा नियम केला नव्हता, असं त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. तो कागद नीटनेटका राहावा म्हणून केला होता. पण वजाचं चिन्ह गाळणाऱ्या नवांचे कागद अगदी नीटनेटके होते. त्यांनी लाल पेन उचललं, शेरा खोडला, अर्धा गुण वाढवला. उमाठे म्हणाले, खोडलं तिथं सही करा. त्यांनी सही केली. तारीख? त्यांनी तारीखही घातली.

तो पेपर उमाठे स्वतः अनुश्रीला दाखवायला घेऊन गेले. तिने बेरीज पाहिली: आधी साडेअडुसष्ट, आता एकोणसत्तर. उमाठे यांनी वाटेत गुणांची यादीही चाळली होती, आणि त्यांना एक गोष्ट कळली होती जी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. यादीत अर्धा गुण नेहमीच वर धरतात. तिथे तिचे एकोणसत्तर आधीच लागलेले होते. या अर्ध्या गुणाने कुठेही काहीही बदलणार नव्हतं. हे सांगताना त्यांचा आवाज एखादी गाडी रद्द झाल्याची घोषणा करावी तसा झाला.

अनुश्री पेपर घडी करत होती.

"मालूम था, अंकल," ती म्हणाली. "पर कटा तो था ना."